वाचणाऱ्याला उजेड हवा

कुंभकोणम हे माझे आजोळ. कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मधोमध वसलेले तमिळनाडूतील हे देवळांचे गाव. तेथे मराठी बोलणारी घरे कशी, असा प्रश्न महाराष्ट्रातील वाचकाला पडणे साहजिक आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला मराठी राज्य स्थापन केले. ते १८५५ पर्यंत टिकले. राज्य गेले, परंतु त्याच्याबरोबर आलेली माणसे कावेरीकाठीच राहिली. पुढे बडोदे संस्थानचे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणमलाच, अशाच एका मराठी कुटुंबात झाला. आमचे घर त्या मानाने अगदी साधे. पण घरातली भाषा अजून मराठी आहे.

मागच्या खेपेला मी तेथे गेलो तेव्हा कार्तिकै दीपम हा सण होता. त्या संध्याकाळी तमिळनाडूत दारोदारी पणत्यांच्या रांगा लागतात. आमच्याही उंबऱ्यावर, ओट्यावर, विहिरीच्या कठड्यावर पणत्या लागल्या. रात्री दहाच्या सुमारास त्या एकेक करून विझल्या, जेवणे आटोपली आणि माजघरात अंथरुणे पडली. मोठा दिवा मालवला गेला. थोड्या वेळाने पाहतो, तर कोपऱ्यात निळसर उजेडाचा एक चौकोन आणि त्याच्यावर वाकलेला एक चेहरा. माझी मामेबहीण मोबाईलवर पुस्तक वाचत होती.

ती पितळी भांड्यांच्या दुकानात हिशेब लिहिते. दहावीनंतर तिची शाळा सुटली होती. आता ती मुक्त विद्यालयातून बारावीची तयारी करीत आहे. दिवसभर दुकान, संध्याकाळी स्वयंपाक आणि रात्री सर्वांची निजानीज झाल्यावर अभ्यास, असा तिचा क्रम. तेवढ्यात आजीचा आवाज आला, "अगं, अंधारात वाचू नकोस, डोळे जातील." त्यावर ती हळूच म्हणाली, "दिवा लावला तर तुम्हां सगळ्यांची झोप मोडेल."

ही दोन वाक्ये माझ्या मनात घर करून राहिली. आजीचे वाक्य आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकले आहे. शास्त्राच्या कसोटीवर ते पूर्णपणे खरे उतरत नाही. बहिणीचे वाक्य मात्र सर्वस्वी खरे आहे आणि त्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. अंधारात पडद्यावर वाचणाऱ्या माणसाची चर्चा आपण डोळ्यांपासून सुरू करतो आणि डोळ्यांपाशीच संपवतो. तो माणूस अंधारात का बसला आहे, हा प्रश्न त्याआधी विचारला पाहिजे, असे मला वाटते.

प्रथम डोळ्यांविषयी जे ठाऊक आहे ते पाहू. मंद उजेडात वाचल्याने डोळे कायमचे अधू होतात, असे नेत्रवैद्यक मानत नाही. मोबाईलच्या पडद्यातून येणाऱ्या निळ्या प्रकाशाने दृष्टिपटल जळते, हीदेखील निराधार भीती आहे. त्या प्रकाशाची तीव्रता दिवसाच्या उजेडापुढे फारच थोडी असते. निळा प्रकाश अडवणारे म्हणून जे चष्मे विकले जातात, त्यांनी डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचे आढळत नाही, असा निष्कर्ष २०२३ साली अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून निघाला. तेव्हा अशा चष्म्यावर पैसे खर्च करण्याचे कारण नाही.

मग रात्री वाचताना डोळे चुरचुरतात, डोके जड होते, अक्षरे पुसट होतात, ते कशामुळे? त्याची कारणे साधी आहेत. पहिले कारण पापण्यांचे. आपण सहज बसलेले असताना मिनिटाला सुमारे पंधरा वेळा पापण्या लवतात. एकाग्रतेने पडद्याकडे पाहताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. पापणी प्रत्येक वेळी डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर पसरवीत असते. ती लवली नाही की डोळा कोरडा पडतो. दुसरे कारण अंतराचे. पडदा लहान, अक्षरे बारीक, म्हणून मोबाईल नकळत जवळ येतो. वस्तू जितकी जवळ, तितका डोळ्यातील भिंगाला आकार देणाऱ्या स्नायूवर ताण अधिक. हा स्नायू तासभर आखडलेला राहिला तर तो दुखणारच. तिसरे कारण भोवतालच्या काळोखाचे. अंधारात बाहुली मोठी होते आणि अंधारातच पडदा दिव्यासारखा झगझगतो. उजळ पडदा आणि काळीकुट्ट खोली या दोहोंशी डोळ्याला एकाच वेळी जुळवून घ्यावे लागते. शिवाय बाहुली मोठी असताना नजरेतील लहानसहान दोष अधिक जाणवतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कागदावरून परतून येणारा प्रकाश चांगला आणि पडद्यातून येणारा प्रकाश वाईट, असे सरसकट म्हटले जाते. डोळ्यात शिरणाऱ्या किरणाला आपण कोठून आलो हे ठाऊक नसते. फरक पडतो तो मेळाचा. कागद खोलीतल्या उजेडाइतकाच उजळतो; खोली अंधारली की कागदही अंधारतो आणि आपण उठून दिवा लावतो. पडदा स्वतःच उजळत असल्याने दिवा लावण्याची आठवणच राहत नाही. विजेच्या शाईचे म्हणून ओळखले जाणारे वाचनयंत्र या बाबतीत कागदासारखे आहे. त्यात काळ्या-पांढऱ्या सूक्ष्म कणांची हालचाल होऊन अक्षरे उमटतात आणि ती बाहेरच्या उजेडात दिसतात. २०१२ नंतर अशा यंत्रांच्या कडेला लहान दिवे बसवून पडद्याच्या पुढून मंद उजेड टाकण्याची सोय सर्वत्र झाली. सोय चांगली आहे; पण दुकानात हिशेब लिहिणारी मुलगी वाचनासाठी वेगळे यंत्र विकत घेईल, अशी अपेक्षा ठेवणे व्यवहाराला धरून नाही. तिच्या हाती मोबाईल आहे आणि तोच तिचा ग्रंथ आहे.

डोळ्यांपेक्षा मोठी किंमत मोजावी लागते ती झोपेत. आपल्या दृष्टिपटलात दिवस-रात्रीची नोंद ठेवणाऱ्या काही पेशी आहेत. निळसर उजेड त्यांना विशेष जाणवतो. तो पडला की 'अजून दिवस आहे' असा निरोप मेंदूला जातो आणि झोपेची चाहूल देणारे मेलॅटोनिन हे द्रव्य कमी स्रवते. अमेरिकेतील बॉस्टन येथील संशोधकांनी २०१४ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. बारा निरोगी तरुण माणसांनी पाच रात्री मंद उजेडाच्या खोलीत प्रकाशणाऱ्या पडद्यावर वाचले आणि पाच रात्री छापील पुस्तक वाचले. पडद्यावर वाचलेल्या रात्री त्यांना झोप लागायला सुमारे दहा मिनिटे अधिक लागली, मेलॅटोनिन निम्म्याहून अधिक घटले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुंगी जास्त राहिली. हा प्रयोग लहान होता. वाचन दररोज चार तासांचे होते आणि पडद्याचा उजेडही पूर्ण ठेवला होता. म्हणून अर्धा तास मंद पडद्यावर वाचणाऱ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. तरीही ज्याला पहाटे उठून कामावर जायचे आहे, त्याच्या झोपेतली दहा मिनिटे त्याच्याच पदरची जातात, हे विसरता येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्या प्रदेशात ही घटना घडली, त्या प्रदेशाइतका दिवा आणि पुस्तक यांचा जुना संबंध क्वचितच कोठे असेल. कुंभकोणमजवळच्या नाचियारकोविल या गावी पितळेच्या समया ओतल्या जातात. कावेरीच्या खोऱ्यातील गाळाची मऊ माती साच्यासाठी उत्तम, म्हणून हा धंदा तेथे रुजला. पाय, खांब, तेलाचे तबक आणि माथ्यावरचा हंस असे भाग वेगवेगळे ओतून, कातून, मग पेचाने एकमेकांत बसवतात. तेथील समई दक्षिणेतल्या असंख्य देवघरांत जळते. तमिळ प्रांतातील जुनी पुस्तके ताडपत्रावर लिहिलेली असत. लोखंडी लेखणीने पानावर अक्षर कोरायचे आणि त्यावर तेलात कालवलेले काजळ चोळायचे. काजळ कोरीव रेषांत बसले की अक्षरे काळी होऊन दिसू लागत. दिव्याचीच काजळी अक्षराला रंग देई आणि दिव्याचाच उजेड ते वाचायला उपयोगी पडे.

कुंभकोणमपासून चाळीस किलोमीटरांवर तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय आहे. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या सरफोजीराजे दुसरे यांनी ते वाढवले. तेथे तीन हजारांच्या आसपास मराठी हस्तलिखिते आहेत. मोडी कागदपत्रांचे रुमाल वेगळेच. सरफोजीराजांनी छापखानाही काढला. इसापनीतीचे 'बालबोध मुक्तावली' हे मराठी भाषांतर १८०६ साली तेथे छापले गेले. मराठीतील अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांत त्याची गणना होते. याच राजांनी वैद्यकाकडेही लक्ष पुरवले. डोळ्यांच्या रोग्यांची माहिती आणि त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे असलेली कागदपत्रे त्या संग्रहात सापडतात. पुस्तक छापणारा आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांची काळजी वाहणारा राज्यकर्ता एकच होता, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. ज्ञान देण्याची जबाबदारी पुस्तक हाती ठेवल्याने पुरी होत नाही. ते वाचता येईल अशी परिस्थितीही द्यावी लागते.

आज आपण नेमके येथेच कमी पडतो. पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर ठेवली की शिक्षण घरोघरी पोहोचले, असे आपण समजतो. त्यातील बहुतेक पुस्तके छापील पानाची हुबेहूब प्रतिमा असतात. मोठ्या कागदासाठी मांडलेले पान तळहाताएवढ्या पडद्यावर येते, तेव्हा आपल्या लिपीची फार अडचण होते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार असतात, खाली उकार असतात, मध्ये जोडाक्षरे असतात. अक्षर लहान झाले की 'कि' आणि 'की' यांतला फरक दिसत नाही. अक्षर मोठे करावे तर ओळीचे टोक पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीसाठी पान उजवीकडे-डावीकडे सरकवावे लागते. पडद्याच्या रुंदीप्रमाणे ओळी आपोआप जुळतील, अक्षर वाचकाला हवे तेवढे वाढवता येईल, अशा स्वरूपात पुस्तक देता येते. तंत्र अवघड नाही आणि नवीनही नाही. पुस्तके तयार करणाऱ्या प्रत्येक संस्थेने हे आपले कर्तव्य मानावे, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते.

दुसरी उणीव चष्म्याची आहे. प्रौढ वयात शिकू लागलेल्यांना चाळिशी लागते आणि त्यांना वाटते, आपली बुद्धीच मंदावली. वयाबरोबर डोळ्यातले भिंग ताठर होते, बाहुली आकसते. विशीतल्या माणसाला पुरणारा उजेड साठीतल्या माणसाला पुरत नाही. साधा वाचनाचा चष्मा किती बदल घडवतो, याचे एक उदाहरण आसामातील चहामळ्यांचे आहे. तेथील चाळिशी उलटलेल्या मजुरांवर केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना जवळचे पाहण्याचा चष्मा मिळाला, त्यांची चहाची पाने खुडण्याची उत्पादकता चष्मा न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. पाने खुडायला जो चष्मा लागतो, तो पाने वाचायला लागणार नाही काय? तमिळनाडूत १९७६ साली डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी मदुराईला सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने खेड्यापाड्यांत नेत्रतपासणी नेऊन दाखवली आहे. परीक्षेचा अर्ज भरताना प्रत्येक प्रौढ विद्यार्थ्याने एकदा डोळे तपासून घ्यावेत.

तिसरी आणि सर्वांत मोठी उणीव दिव्याची. यावर काहीजण म्हणतील, "शिकायचेच असेल त्याला दिवा कशाला हवा? थोरामोठ्यांनी रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला." तंजावर प्रांतातच जन्मलेले आणि पुढे मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले मुत्तुस्वामी अय्यर यांच्याविषयी ही गोष्ट आवर्जून सांगतात. त्यांच्या जिद्दीला मी वंदन करतो. परंतु अशा गोष्टी सांगताना आपण जणू अंधारालाच गुरू करून टाकतो. त्या दिव्याखाली बसलेला एक मुलगा न्यायाधीश झाला. ज्यांच्या गल्लीत दिवाच नव्हता, त्यांची नोंद कोणी ठेवली नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातील प्रसंग मला याहून अधिक शिकवणारा वाटतो. परळच्या चाळीतील अपुऱ्या जागेत घर गजबजलेले असे. म्हणून मुलाला लवकर झोपवून वडील सुभेदार रामजी स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग त्याला अभ्यासाला उठवीत. सारे घर शांत असताना मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात तो मुलगा वाची. येथे जिद्द एकट्या विद्यार्थ्याची नाही. एका बापाने आपली झोप मोडून मुलाच्या वाचनाला जागा, वेळ आणि दिवा मिळवून दिला.

असा दिवा आज महाग राहिलेला नाही. पाच वॅटचा एलईडी दिवा रोज दोन तास जाळला, तर शंभर दिवसांत विजेचा एक युनिट खर्च होतो. म्हणजे परीक्षेच्या तयारीचा सारा हंगाम एका युनिटात निभावतो. प्रश्न पैशांचा थोडा आणि मानण्याचा जास्त आहे. घरात कमावणाऱ्याच्या झोपेला मान आहे, शाळकरी मुलाच्या अभ्यासाला मान आहे; पण तिशीतली बाई किंवा चाळिशीतला कामगार अभ्यासाला बसला, की त्याने कोणाला त्रास न देता, उजेड न करता शिकावे अशी आपली अपेक्षा असते. त्यालाही तसेच वाटते. तो पांघरुणाखाली मोबाईल धरतो आणि आपले शिकणे चोरून केल्यासारखे करतो. डोळ्यांच्या कोरडेपणाहून मला हे अधिक दुखते.

कोणी विचारील, मग मोबाईलवर वाचणेच सोडावे काय? मुळीच नाही. गणिती श्रीनिवास रामानुजन कुंभकोणमचेच. १९०३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ग्रंथालयातील कार यांचा गणिताचा ग्रंथ त्यांच्या हाती आला आणि त्यांचे आयुष्य बदलले. कागद परवडत नसे म्हणून ते पाटीवर गणिते मांडीत आणि कोपराने पुसून टाकीत. पाटीवर केले म्हणून त्यांचे गणित हलके ठरले नाही. मोबाईल ही आजच्या गरजू विद्यार्थ्याची पाटी आहे. तिला नावे ठेवण्यापेक्षा ती नीट वापरायला शिकवणे बरे.

त्यासाठी थोडी पथ्ये पुरेशी आहेत. खोलीत एक लहान दिवा असावा. तो पडद्यावर न चमकता मागून किंवा बाजूने यावा आणि झोपलेल्यांच्या तोंडावर पडू नये. पडद्याशेजारी पांढरा कागद धरून पाहावा. पडदा दिव्यासारखा भासला तर त्याचा उजेड कमी करावा, मळकट दिसला तर वाढवावा. अक्षर मोठे ठेवावे, मोबाईल हातभर नाही तरी दीड वीत दूर धरावा. दर वीस मिनिटांनी नजर उचलून लांब पाहावे आणि पापण्या मिटाव्यात. झोपण्याआधीचा अर्धा तास पडदा बाजूला ठेवून वाचलेले मनात घोळवावे किंवा वहीत लिहावे. इतके करूनही डोळे दुखत राहिले, तर नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

त्या रात्रीची गोष्ट पुरी करतो. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून पकडीने अडकवता येणारा एक छोटा दिवा आणला. मामांनी माजघरातला जुना पडदा काढून कोपऱ्यात आडवा बांधला. आजी काही बोलली नाही. रात्री बहीण अभ्यासाला बसली तेव्हा आजीने अंथरुणावरूनच विचारले, "उजेड पुरतो का गं?"

देवापुढे समई लावायला आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. वाचणाऱ्यापुढे दिवा लावणे हेही तितकेच सहज व्हावे, एवढेच माझे म्हणणे आहे.